आधी हप्ता, मग सुया

घराच्या खालच्या मजल्यावर मोज्यांचा कारखाना असला की माणसाला घड्याळ लागत नाही. सकाळी सातला बारा मशिनं सुरू झाली की वरच्या मजल्याच्या फरशीला मुंग्या येत, कपातल्या चहावर बारीक वलयं उठत, आणि अर्थखात्यातल्या परदेशी कर्ज कक्षाचे प्रमुख, ज्यांना सगळं खातं 'हप्तेसाहेब' म्हणे, ते डोळे न उघडता नुसत्या तळपायांनी ओळखत की आज किती चालू आहेत.

त्या शुक्रवारी तळपाय म्हणाले, पाच.

साहेबांनी पाय उचलून पुन्हा टेकवला. पाचच.

तेवढ्यात बायको जिना चढून वर आली. तिच्या केसांत सुताचा पिंजलेला भुसा होता आणि चेहऱ्यावर कुणाशी तरी भांडून आल्याचा तजेला.

"काल सात होती ना गं?"

"होती. रात्री दोन मशिनांनी मान टाकली. मिस्त्रीने त्यांच्या धड सुया उपटून बाकीच्यांत घातल्या, म्हणून पाच तरी दिसतायत. पुढच्या आठवड्यात अजून एक उपटेल. असं करत करत शेवटी एक मशीन अगदी ठणठणीत राहील बघा. मग मी, मिस्त्री आणि ते मशीन, तिघं मिळून संसार करू."

मोजे विणायच्या मशीनला एक गोल नळकांडं असतं आणि त्याच्या कडेने दीडेकशे सुया उभ्या असतात. प्रत्येक सुईच्या टोकाला आकडा, आणि आकड्यापाशी उघडझाप करणारी इवलीशी जीभ. एक जीभ तुटली की मोज्याला घोट्यापासून बोटांपर्यंत उभी चीर पडते. या सुया देशात होत नाहीत. त्या देशात का होत नाहीत यावर सरकारने एकदा समिती नेमली होती. तिचा अहवालही बाहेरूनच छापून आणावा लागला.

आणि नेमकं आत्ताच मोठ्या ऑर्डरचं घोडं अडलं होतं. एका परदेशी गिऱ्हाइकाला डोंगर चढणाऱ्यांसाठी जाड मोजे हवे होते. तिकडे म्हणे काही काम नसताना लोक डोंगर चढतात, आणि वर काही नसतं म्हणून परत उतरतात. तीन वर्षं नमुने पाठवून, रंग बदलून, टाच पुन्हापुन्हा उसवून बायकोने ती ऑर्डर मिळवली होती. माल महिनाअखेरीच्या जहाजावर चढायला हवा होता. सोमवारी सुयांसाठी डॉलर सुटले, तर सुया विमानाने येतील आणि माल जहाज गाठेल. त्याच्या पुढच्या सोमवारी सुटले, तर जहाज धक्का सोडून गेलेलं असेल.

"गेलं तर?" साहेबांनी चहात बघत विचारलं.

"गेलं तर भंगारवाल्याला हो म्हणते. मशिनं बघून गेलाय तो परवा. माझ्या बाबांचं पहिलं मशीन बघून विचारत होता, हे किलोवर की नगावर."

यात गंमत अशी होती की डॉलर तिचेच होते. मागच्या खेपेचे मोजे विकून जे डॉलर आले ते बँकेने दारातच उतरवून घेतले आणि तिच्या हातावर देशी नोटा ठेवल्या. नियमच तसा. डॉलर हवे असतील तर अर्ज करायचा. तिने अर्ज केला होता. तो दर सोमवारच्या डॉलर बैठकीत जाई आणि दर सोमवारी परत येई. त्या बैठकीत हप्तेसाहेब बसत.

पण बायकोने त्यांच्याकडे ऑफिसातली टाचणीसुद्धा कधी मागितली नव्हती, आणि साहेबांनी कधी आणून दिली नव्हती. या एका गोष्टीवर त्यांचा संसार इतकी वर्षं सुखाचा झाला होता. आजही तिने काही मागितलं नाही. फक्त जाताना म्हणाली, "डबा विसरू नका. तो देशी आहे, त्याला मंजुरी लागत नाही."

साहेब ऑफिसला निघाले. रस्त्याने चालताना त्यांचे तळपाय अजून मशिनं मोजत होते.

परदेशी कर्ज कक्षाचं काम सोपं होतं: घेतलेलं परत करायचं. त्यातही कक्षाचा एक रिवाज होता. फार पूर्वी, साहेबांच्या साहेबांच्याही आधी, एक हप्ता एक दिवस उशिरा पोचला होता. तिकडे सुट्टी होती हे इकडे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्या एका दिवसाने चारचौघांत देशाची जी शोभा झाली, तेव्हापासून कक्षाने कानाला खडा लावला. हप्ता आठवडाभर आधी भरायचा. तेव्हापासून देशात सरकारं आली, गेली, एक तर परत आली, पण हप्ता आठवडाभर आधी जायचा राहिला नाही. देशाचे डॉलर परक्या बँकेत आठवडाभर पाय पसरून बिनव्याजी लोळत पडत, आणि तारीख उजाडली की उठून कामाला लागत.

या सचोटीबद्दल साहेबांच्या टेबलावर काचेचं एक सन्मानचिन्ह होतं. धनको संस्थेने ते कौतुकाने पाठवलं होतं. कुरियरचे पैसे मात्र घेणाऱ्याने द्यायचे होते, डॉलरमध्ये.

आता तिजोरीत डॉलर मुबलक असते तर आठवड्याने कुणाचं काय बिघडलं असतं? पण ते मोजके. सोमवारच्या बैठकीत आधी हप्ता बाजूला निघे. मग तेल. मग धान्य आणि औषधं. आणि सर्वांत शेवटी 'इतर'. देशात जे जे कोणी काहीही बनवत होतं, ते सगळे या 'इतर'मध्ये बसत. तिथवर पोचेपर्यंत डॉलर संपलेले असत आणि चहा आलेला असे.

त्या दुपारी पुढच्या हप्त्याचा कागद सहीसाठी आला, तेव्हा साहेब तो घेऊन समोरच्या खोलीत गेले. समोर वाढदर कक्ष होता. देश किती टक्क्यांनी वाढला हे तिथल्या प्रमुख बाई सांगत, म्हणून त्यांना सगळे 'वाढबाई' म्हणत. दोन्ही कक्षांत मिळून चहाची एकच किटली होती आणि तिला चालणारा प्लग बाईंच्या भिंतीत होता.

"कुठल्या कर्जाचा?" वाढबाईंनी कागदाकडे न बघताच विचारलं.

"निर्यातदार प्रोत्साहन."

"अरे वा. ते काचेची इमारत बांधलेलं?"

"इमारत आणि अहवाल. तीन खंड."

"वाचलाय मी. वाचणारी मी एकटीच असेन. छोट्या निर्यातदारांना कशाची अडचण आहे, तर म्हणे सुट्या भागांसाठी डॉलर वेळेवर मिळत नाहीत." बाईंनी किटलीत पाणी ओतलं. "आणि ते का मिळत नाहीत, तर या अहवालाचे हप्ते जातात म्हणून. फार अभ्यासपूर्ण आहे हो."

साहेब हसले नाहीत. खिडकीपाशी गेले, परत आले, पुन्हा खिडकीपाशी गेले.

"बसा ना. मला गरगरतंय."

"बाई, समजा हप्ता आधी नाही भरला. तारखेला भरला. तर?"

किटलीचा खटका दाबायला गेलेला बाईंचा हात तसाच थांबला. "तारखेला? म्हणजे ज्या दिवशी द्यायचाय त्या दिवशी?"

"करारात तसंच आहे. मी आज काढून वाचला. आठवड्याचा कुठे उल्लेखसुद्धा नाही."

"तुम्ही करार वाचलात?" बाईंनी खुर्ची ओढून घेतली. "हे बघा, आजवर तुमचं माझं छान चाललंय. तुम्ही फेडता, माझा आकडा घसरतो. आकडा घसरला की त्यांना काळजी वाटते. काळजी वाटली की ते कर्ज देतात, मग तुम्ही ते फेडता. आपल्या दोघांच्या नोकऱ्या जन्माच्या पक्क्या आहेत. यात तुम्हाला करार कशाला वाचायचा होता?"

"तारखेआधी पुढच्या सोमवारची बैठक आहेच. तोवर खनिज घेऊन गेलेल्या बोटीचे डॉलर आलेले असतील. हप्ता त्यातून जाईल, एक दिवसही उशीर नाही. आणि या सोमवारी 'इतर'ला—"

"वहिनींच्या सुया कुठवर आल्या?" वाढबाईंनी मध्येच विचारलं.

साहेबांनी कागदाची घडी केली, उघडली, पुन्हा केली. "त्यांचा संबंध नाही. 'इतर'मध्ये पुष्कळ लोक आहेत."

"आहेत की. आणि त्यातल्या एकीच्या हातचं तुम्ही जेवता." बाईंनी खटका दाबला. "मी काही ऐकलं नाही. किटलीचा आवाज फार होतो."

त्या संध्याकाळी कक्षातून बाहेर पडताना साहेबांनी कागदावर सही केली नाही. एवढंच केलं. नोकरीत त्यांनी केलेली ही सर्वांत धाडसी गोष्ट होती, आणि ती न करण्यात होती.

शनिवार-रविवार त्यांनी घरातले नळ आवळले, पंखे पुसले, चांगलं चालणारं रेडिओचं खोकं उघडून बंद पाडलं. बायको खाली-वर करताना बघत होती.

"पोटात दुखतंय का?"

"छे."

"मग त्या रेडिओने काय घोडं मारलंय तुमचं?"

सोमवारच्या बैठकीत लांब टेबलाभोवती नेहमीची मंडळी होती. देशाच्या मुख्य बँकेचे अधिकारी नेहमीप्रमाणे पेन उघडून म्हणाले, "हं, हप्ता किती बाजूला काढू?"

"आज काही नाही," साहेब म्हणाले. "तारखेला जाईल."

"तारखेला म्हणजे?"

"म्हणजे जी तारीख आहे, त्या तारखेला."

तेलवाल्या अधिकाऱ्याने चष्मा काढून पुसला. साहेबांनी करार पुढे सरकवला. तो हातोहात फिरला, सगळ्यांनी कलम वाचलं, आणि कुणालाच त्यात चूक सापडेना. चूक सापडत नाही म्हटल्यावर सगळ्यांची पाचावर धारण बसली. पण नाही म्हणायला कारणही सापडेना, आणि कारण नसताना नाही म्हणण्याचा अधिकार त्यांच्यातल्या कुणालाच नव्हता.

तेल झालं, धान्य-औषधं झाली, आणि तरी डॉलर उरले. बैठकीच्या इतिहासात हे नवीन होतं. 'इतर'चा गठ्ठा उघडायला घेतला तेव्हा त्याची दोरी कुजून तुटली. 'इतर'साठी 'नामंजूर'चा शिक्का होता, 'मंजूर'चा नव्हताच. शेवटी औषधांचा मागून आणला. मोज्यांच्या सुयांचा अर्ज आला तेव्हा हप्तेसाहेब उठून, नियमाप्रमाणे, बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले आणि भिंतीवरची आग विझवण्याची सूचना चार वेळा वाचून काढली. आत शिक्क्याचा आवाज आला तेव्हा ते पाचव्यांदा पहिल्या ओळीवर आले होते.

घरी त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. पण बँकेचा निरोप बायकोला आधीच आला होता. उद्या सकाळी कागद घेऊन परकीय चलनाच्या खिडकीवर या. खिडकी तीनला बंद होते.

बायको जेवताना एवढंच म्हणाली, "आज 'इतर'चे डॉलर सुटले म्हणे."

"असं?"

"हो ना. कुणाच्या तरी अंगात आलं असेल."

मंगळवारी सकाळी ती कागदांची पिशवी घेऊन बँकेत गेली आणि साहेब ऑफिसात. ते खुर्चीत टेकतायत तोच फोन वाजला. परदेशी बँकेतल्या एक बाई अत्यंत आदबीने विचारत होत्या, "तुमच्याकडे सगळं ठीक आहे ना? भूकंप वगैरे?"

"नाही. का?"

"तुमचा हप्ता दिसला नाही."

"त्याची तारीख पुढच्या आठवड्यात आहे."

"हो, ते आम्हाला ठाऊक आहे," बाई अजून हळुवारपणे म्हणाल्या. "म्हणूनच काळजी वाटली."

अकराच्या सुमारास बाजाराच्या बातम्यांत एक ओळ आली: देशाने हप्त्याबाबत मौन बाळगले. मौन बाळगल्याचा इन्कार करायला प्रवक्ता सापडला नाही, म्हणून बाराला दुसरी आली: हप्ता रखडल्याची चर्चा. साडेबाराला कुठल्याशा पतमानांकन संस्थेने देशावर 'लक्ष ठेवत आहोत' असं जाहीर केलं, आणि तिकडे देशाचे रोखे घेणाऱ्यांनी व्याज वाढवून मागायला सुरुवात केली. इतकी वर्षं हप्ता आधी भरून देशाने जी पत कमावली होती तिचा अर्थ आता कळला. वेळेवर भरणं म्हणजे उशीर.

एक वाजता मोठ्या साहेबांनी बोलावलं. अर्थखात्याचे सचिव. ते उभे होते, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"तुम्ही उशीर केलात?"

"नाही साहेब. तारीख अजून—"

"तारीख मला कळते हो! मला कळून काय उपयोग? त्यांना आपली सवय आहे. रोज सातला घरी येणारा माणूस आठला आला, तर बायको काय त्याचा करार काढून बघते?" मोठ्या साहेबांनी टेबलाला एक फेरी मारली. "मंत्र्यांनी जेवण अर्ध्यावर टाकलंय. हप्ता आज, आत्ता गेला पाहिजे. कालच्या सगळ्या मंजुऱ्या रद्द करा. ज्यांच्या हातात रक्कम पडली नसेल, त्यांची परत खेचा. आदेश लिहा, सही करा, मला दाखवायचीही गरज नाही. दहा मिनिटांत बँकेत पोचवा."

साहेबांच्या डोळ्यांपुढे परकीय चलनाची खिडकी उभी राहिली. तिथे रांग असणार. रांगेत पिशवी घेऊन बायको असणार. तिचा नंबर लागला असेल, किंवा नसेल. खिशातला फोन हाताला लागला. बायकोला 'घाई कर' म्हणायचं, एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य उच्चारलं की इतक्या वर्षांची टाचणी निघणार होती.

"साहेब," ते म्हणाले, "'सगळ्या' म्हणजे तेलाचीसुद्धा?"

"तेलाची कशी? गाड्या बंद पडतील. तेल सोडून."

"आणि औषधं?"

"औषधंही सोडून! नीट लिहा ना, हे काय मी सांगायचं?"

"नीटच लिहितो, साहेब," हप्तेसाहेब म्हणाले.

आणि त्यांनी ते नीट लिहिलं. आपल्या खोलीत येऊन त्यांनी फोन ड्रॉवरमध्ये टाकला, ड्रॉवरला किल्ली लावली, आणि आदेश लिहायला घेतला. त्या खात्यात इतका निर्दोष आदेश कुणी लिहिला नव्हता. 'रक्कम हातात पडणे' म्हणजे नक्की काय, याचा खुलासा हवा होता म्हणून त्यांनी तो विधी कक्षाकडे पाठवला. विधी कक्षाने विचारलं, हात कुणाचा धरायचा, अर्जदाराचा की त्याच्या परदेशातल्या विक्रेत्याचा? साहेबांनी त्यावर सविस्तर उत्तर लिहिलं. विधी कक्षाला ते आवडलं आणि त्यांनी अजून दोन शंका काढल्या. मग साहेबांना आठवलं की उत्पादनावर परिणाम करणाऱ्या आदेशावर वाढदर कक्षाचा अभिप्राय घ्यावा असं एक परिपत्रक आहे. ते परिपत्रक आजवर कुणी पाळलं नव्हतं.

वाढबाईंनी फाइल हातात घेतली, साहेबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे.

"किती घाईचं आहे?"

"अत्यंत तातडीचं."

"मग वेळ लागेल," असं म्हणून बाईंनी कोऱ्या कागदांचा गठ्ठा पुढे ओढला.

साहेब व्हरांड्यात फेऱ्या मारू लागले. या टोकाला जिना, त्या टोकाला पाण्याचं पिंप. दोन वेळा मोठ्या साहेबांचा निरोप आला, दोन्ही वेळा त्यांनी खरंच सांगितलं की फाइल चालू आहे. म्हातारा शिपाई स्टुलावर बसून ते सगळं बघत होता.

"साहेब, फाइल फिरतीय की तुम्ही?"

"दोघंही."

"मग तुम्ही तरी बसा. ती काय दमत नाही."

तीनला दहा कमी असताना साहेबांना वाटलं, आपण हे काय करतोय? तिकडे व्याज वाढतंय. पाव टक्का वाढला तरी तेवढ्यात किती सुया येतील, याचा हिशेब त्यांना तोंडी येत होता आणि तो करायचा नव्हता. त्यांनी पिंपातलं पाणी पेल्यात घेतलं आणि न पिता कुंडीत ओतलं. पलीकडच्या खोलीतून बाईंच्या पेनाचा आवाज येत होता, संथ आणि ठाम.

तीन वाजून गेल्यावर बाई बाहेर आल्या. अभिप्राय चार पानी होता. शेवटी लिहिलं होतं: वाढदरावर परिणाम नाही, कारण जे उत्पादन झालेच नाही ते मोजण्याची पद्धत या कक्षात नाही.

साहेबांनी आदेशावर सही केली. शिपाई तो घेऊन रस्त्यापलीकडच्या बँकेत गेला. हप्ता त्याच दिवशी, आठवडाभर आधी, रवाना झाला.

घरी जाताना साहेबांनी ड्रॉवरमधून फोन काढला. बायकोचा एकही फोन आला नव्हता. याचा अर्थ काम झालं असाही होत होता आणि झालं नाही असाही. ते बसमध्ये चढले, दोन थांबे गेल्यावर उभं राहवेना म्हणून उतरले आणि चालत सुटले. वाटेत भंगारवाल्याचं दुकान लागलं. त्यांनी रस्ता ओलांडून पलीकडची बाजू धरली, जणू त्याने हाक मारली असती.

कारखान्यातली माणसं घरी गेली होती. बायको एकटीच इस्त्रीच्या पाट्यापाशी बसली होती. समोर लोखंडी पावलांची रांग होती, ज्यांवर मोजे चढवून दाबतात. तिने त्यातल्या एका पावलावर पिशवी अडकवली होती.

"झालं?" साहेबांच्या तोंडून बाहेर पडलं, आणि लगेच त्यांनी जीभ चावली.

"काय झालं?" तिने शांतपणे विचारलं.

"नाही, म्हणजे... जेवण."

"झालं," ती म्हणाली. "पावणेतीनला. खिडकीवरचा माणूस मध्येच उठून गेला, परत आला तर त्याचं पेन चालेना. मी माझं दिलं. ते घेऊन ठेवलंय त्याने." तिने पिशवीचा बंद सरळ केला. "माझ्या मागचा राहिला."

"कोण?"

"चष्म्याच्या काचा घासतो. त्याला घासायची पावडर हवी होती, एवढीशी, दोन डबे. त्याचे कागद आत घेतले, तपासले, तीन वाजले, आणि म्हणाले उद्या या. नंतर कुणीतरी कागद घेऊन धावत आलं आणि म्हणाले उद्याही येऊ नका." तिने पिशवी उचलून मांडीवर घेतली. "बसला होता तिथेच पायरीवर. मी म्हटलं चला, निघू या. तर म्हणतो, जायचं कुठे?"

साहेब लोखंडी पावलांच्या बाजूला बसले. आपण अजून एक दिवस फाइल फिरवायला हवी होती, की मुळात फिरवायलाच नको होती, हे त्यांना ठरवता येईना. ठरवता आलं असतं तरी सांगायचं कुणाला?

"तुमच्यामुळे झालं का हो हे?" बायकोने विचारलं.

"कुठलं? तुझं की त्याचं?"

तिने उठून दिवा मालवला आणि म्हणाली, "वर चला."

सुया विमानाने आल्या. मिस्त्रीने रात्रंदिवस एक करून बारा मशिनं उभी केली, आणि माल जहाजावर चढला. ऑफिसात मात्र साहेबांची चौकशी झाली. त्यांनी हप्ता वेळेवर भरण्याचा प्रयत्न केल्याचं सिद्ध झालं. शिक्षेला कलम सापडेना, म्हणून त्यांना 'विशेष कामगिरी'वर पाठवण्यात आलं. ती कामगिरी कोणती हे ठरेपर्यंत रोज घरी बसायचं होतं. निरोपाच्या दिवशी वाढबाईंनी त्यांना चहा दिला आणि सांगितलं की नव्या कर्जाचा व्याजदर थोडा वर सरकलाय. थोडाच. पण दरवर्षी द्यायचाय.

आता साहेब खाली इस्त्रीपाशी बसून मोज्यांच्या जोड्या लावत. डावा-उजवा फरक नसलेल्या वस्तूच्याही जोड्या लावताना ते इतका वेळ घेत की कामावरच्या बायका त्यांना 'जोडसाहेब' म्हणू लागल्या. बसल्या जागी त्यांचे पाय सारखे हलत, आणि मशिनं थांबल्यावरही हलत राहत.

असंच एका दुपारी बायको फोन हातात धरून आली. आवाज खाली आणून म्हणाली, "अहो, गिऱ्हाइकाचा निरोप आलाय. माल आवडला. पुढच्या हंगामाला दुप्पट पाठवा म्हणतोय."

"दुप्पट?" साहेबांच्या हातातला मोजा तसाच राहिला.

"चार मशिनं अजून घ्यावी लागतील. सहा बायका. त्या मागच्या गल्लीतल्या दोघी बहिणी-बहिणी रोज विचारून जातात, त्यांना उद्यापासून या म्हणते. आणि सुया, दुप्पट." तिने फोन पदराला पुसला. "तुमच्या खुर्चीवर आता कोण बसलंय?"

"आहे एक जण."

"कसा आहे?"

"हुशार आहे. फार वक्तशीर." साहेबांनी मोजा खाली ठेवला. "देशावर मध्यंतरी संशय आला होता ना, तो धुऊन काढायचाय. हप्ता आता पंधरा दिवस आधी भरतात."

बायको बराच वेळ फोनच्या पडद्याकडे बघत राहिली. पडदा काळा पडला की बोट लावून उजळायची, पुन्हा काळा पडू द्यायची. मशिनांचा आवाज मोठा होता, तरी ती हळूच बोलली.

"म्हणजे काय सांगू त्याला?"

साहेबांना उत्तर ठाऊक होतं. त्या टेबलावरचा क्रम त्यांना पाठ होता, येणारे डॉलर पाठ होते, वाढलेलं व्याजही. ते उठले, दारापर्यंत गेले, परत आले.

"गेल्या वेळेइतकंच जमेल म्हण," ते म्हणाले. "तेसुद्धा... बघू म्हण."

बायकोने मान हलवली. मग उभ्याउभ्याच गिऱ्हाइकाला फोन लावला आणि अगदी प्रसन्न आवाजात, आमच्या हातात आत्ता फार काम आहे, दुप्पट जमणार नाही, असं सांगितलं. पलीकडचा काहीतरी विनोद करत असावा. ती हसली.

फोन ठेवून ती मिस्त्रीकडे वळली. "त्या दोघी आल्या तर सांग, इतक्यात नाही म्हणून."

"दारातच उभ्या आहेत बाई," मिस्त्री म्हणाला.

"मग मी सांगते," ती म्हणाली, आणि कमरेचा पदर सोडून दाराकडे निघाली.